जाताना पाय पुसा

आमच्या ह्यांच्या छातीच्या फोटोत डाग दिसला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक खोटं मनन लिहिलं. ते खोटं आहे हे लिहितानाच मला कळत होतं. आणि त्या दिवशी ग्रुपवर जेवढे हात जोडलेले आले, तेवढे आधी कधी आले नव्हते.

आधी माझी सवय सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी निवृत्त शिक्षिका, तीस वर्षं कोल्हापुरातल्या मुलांना मराठी शिकवलं. निवृत्त झाले त्या वर्षापासून, आज नऊ वर्षं, मी रोज सकाळी बायबलमधला त्या दिवसाचा पाठ वाचते आणि त्यावर पानभर मनन लिहिते. कोणत्या दिवशी काय वाचायचं त्याचं पत्रक चर्चमध्ये जानेवारीत छापून मिळतं, ते माझ्या टेबलासमोर भिंतीला असतं. आधी पाठकोऱ्या कागदावर कच्चं लिहायचं, मग मोबाईलवर पक्कं करायचं आणि सातच्या आत चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर टाकायचं. कच्चा कागद चार तुकडे करून टेबलाखालच्या टोपलीत. "बाई, आजचं मनन अगदी माझ्यासाठीच होतं," असं कुणी लिहिलं की माझा दिवस चांगला जायचा. शाळेत जन्मभर शाबासकी वाटली, म्हातारपणी ती घ्यायची चटक लागली म्हणा ना. कुणी कुणी वाचलं हे मोबाईलवर दिसतं, तेही मी रोज बघायचे. देवापुढे कबूल केलंय, तेव्हा तुमच्यापुढे लपवून काय करू?

त्या वाचणाऱ्यांच्या यादीत एक नाव कधीच नसायचं, आमच्या ह्यांचं. ग्रुपमध्ये होते, पण वाचत नसत. हे शिरोलीच्या एका फाउंड्रीत बत्तीस वर्षं भट्टीवर होते, लोखंड वितळवायचं काम. माणूस मुलखाचा अबोल. नाताळ आणि ईस्टरला इस्त्रीचा शर्ट घालून चर्चला येणार, एरवी मी प्रार्थनेला बसले की ह्यांना नेमकी परसातली पाण्याची मोटर आठवणार. मी पुष्कळ टोचून बोलले. "गावाला शहाणपण सांगते आणि घरचा माणूस कोरडा," असं मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनाही एकदा म्हणाले होते. घरात एवढं मात्र हे नेमाने करायचे, की रोज सकाळी माझ्या टेबलाखालची टोपली स्वतः रिकामी करायचे. मला वाटायचं, चला, तेवढाच हातभार.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ह्यांचा खोकला हटेना आणि पॅंट कमरेवर राहीना, तेव्हा मी दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली, त्यात काही निघालं नाही. फोटोत मात्र उजव्या बाजूला डाग. डॉक्टर म्हणाले, दुर्बीण घालून छोटासा तुकडा काढून तपासायला हवा, उशीर करू नका. हे खुर्चीवरून उठले, डॉक्टरांना नमस्कार केला आणि म्हणाले, "न्हाय करायचं." बास. घरी आलो. मी रडून बघितलं, ओरडून बघितलं, शेवटी माझं नेहमीचं हत्यार काढलं. म्हटलं, "विश्वास नाही ना देवावर, म्हणून असं होतं." त्यावर ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि परसात निघून गेले.

दुसऱ्या दिवशीचा पाठ जुन्या करारातला होता. देव रुपं, म्हणजे चांदी, शुद्ध करणाऱ्यासारखा बसेल आणि आपल्या लोकांना गाळून घेईल, असं त्यात संदेष्टा सांगतो. यावर एक दृष्टान्त आम्हा ख्रिस्ती मंडळींमध्ये कितीतरी वर्षं फिरतोय, तुम्हीही ऐकला असेल. चांदी गाळणारा कारागीर भट्टीतल्या चांदीत वाकून बघतो, आणि स्वतःचं तोंड त्यात स्वच्छ दिसलं की चांदी शुद्ध झाली असं समजतो. तसंच देव आपल्यात त्याचं रूप दिसेपर्यंत आपल्याला तापवतो. मी हा दृष्टान्त एका प्रवचनात ऐकला होता, त्या प्रवचनकारांनी दुसऱ्या कुणाकडून ऐकला असेल. त्या सकाळी कच्च्या कागदावर पहिल्यांदा माझ्या हातून भलतंच लिहून गेलं: प्रभू, ह्यांना काही झालं तर मी काय करू, मला हे तापणं नको. ते वाचून माझी मलाच लाज वाटली. कागद फाडला, टोपलीत टाकला आणि मोबाईलवर तो तोंड दिसण्याचा दृष्टान्त छान सजवून लिहिला. शेवटी लिहिलं, भट्टीत असाल तर आनंद करा. हात जोडलेले आले ते यावर.

नऊच्या सुमारास अनोळखी नंबरवरून आवाजी निरोप आला. बाईचा आवाज, ठणठणीत. "नमस्कार बाई. मी हुपरीची शालन. आमच्या शेजारी तुमच्या ग्रुपातल्या सिस्टर ऱ्हात्यात, त्या तुमचं लिखाण मला धाडत्यात, मी वाचतो की रोज. तुमचा धर्म येगळा, आमचा येगळा, पर लई चांगलं लिहिताय. आजचं तेवढं चुकलंय बगा. चांदी आटवताना तोंड बगाय कोण वाकतंय वो? भुवया जळून जातील की! आमच्यात चार पिढ्या ह्योच धंदा हाय. राग मानू नका. यकदा या. पैंजण घ्यायला नको, नुस्तं बगायला या."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. एक तर "मी वाचतो." आमच्याकडच्या बायका "वाचते" म्हणतच नाहीत, शाळेत दुरुस्त करून करून मी थकले. आणि ही मला देवाचं वचन शिकवणार! मी सकाळचं मनन ह्यांना वाचून दाखवलं आणि तो निरोप मुद्दाम मोठ्या आवाजात ऐकवला. वाटलं, निदान इथे तरी माझी बाजू घेतील. ह्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बरोबर सांगत्या ती. लोखंडात बी दिसत न्हाय." आणि उठून टोपली रिकामी करायला गेले.

घ्या! बत्तीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस माझ्या घरात, नऊ वर्षांत भट्टीवर मी डझनभर तरी मननं लिहिली असतील, आणि एकदाही ह्यांना विचारलं नव्हतं की अहो, भट्टीपुढे नेमकं कसं वाटतं. हुपरी तर इथून बसने तासाभरावर. लग्नातले माझे पैंजण तिथलेच. पण दृष्टान्त मी घेतला कुठून, तर दुसऱ्याच्या तोंडून. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी कितीतरी पोरांना वाक्यात उपयोग करून लिहायला लावली असेल. राग दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी त्याच्या खाली काय आहे ते मला दिसायला लागलं, आणि ते होतं भय. ह्यांच्या डागाचं भय. मी घरात बसून राहिले असते तर वेडी झाले असते. चौथ्या दिवशी शालनला फोन केला आणि हुपरीची बस धरली.

शालन चाळिशीची असेल. स्टॉपवर न्यायला आली होती, मला बघितल्यावर म्हणाली, "आवाजावरनं वाटलं त्यापेक्षा बारीक हाय की बाई!" घराच्या पुढच्याच खोलीत त्यांचा कारखाना. दारात एक जुनं गोणपाट अंथरलेलं होतं. मी सवयीने त्यावर पाय पुसायला गेले, तर तिने दंड धरून मला तसंच आत घेतलं. "ऱ्हाऊ दे, येताना नका पुसू." मला विचित्र वाटलं, पण आत गेले.

आत तिचे सासरे बसले होते, सत्तरी उलटलेले, भट्टीपुढे पाटावर. त्यांनी मातीची मूस निखाऱ्यात ठेवली होती, त्यात चांदी. वरून चिमूटभर सवागी, म्हणजे मळ काढणारा टाकणखार, टाकली, तसा चांदीतला मळ साईसारखा वर आला. तो त्यांनी सळईने हलकेच बाजूला ओढला, परत थोडी सवागी, परत मळ. मी विचारलं, झालं हे कसं कळतं? ते म्हणाले, "रंगावरनं कळतं. हलती कशी त्याच्यावरनं कळतं." मी म्हटलं, म्हणजे नेमकं कसं? तर हसले. "सांगता न्हाय यायचं, बाई. हितं बसून ऱ्हायलं की कळतं." आणि तोंडाचं? मुशीकडे बोट दाखवत म्हणाले, "वाकून तर बगा." मी वाकले नाही. चार हातांवरून तोंड भाजत होतं.

तासभर मी तिथे बसले. एवढ्या वेळात ते म्हातारबुवा एकदाही उठले नाहीत. शालनने चहा आणला, तो त्यांनी तिथेच घेतला. फोन वाजला, तो दुसऱ्या कुणी उचलला. मला वाटलं, संदेष्ट्याने एवढंच तर लिहिलंय, की तो बसेल. तोंड बघेल असं कुठे लिहिलंय? मी नऊ वर्षं नसलेलं वाचलं आणि असलेलं सोडलं.

निघताना मी चपलेत पाय घालणार, तेवढ्यात शालन म्हणाली, "बाई, पाय पुसा की." खरं सांगते, मला अपमान वाटला. येताना धुळीचे पाय चालले आणि जाताना पुसा? माझा चेहरा बघून ती खळखळून हसली. "आवो, तुमच्या पायांना आमची चांदी लागली असंल! कानस मारताना उडती, ती भुईवर पडती, डोळ्याला दिसत न्हाय. म्हणून आमच्यात जाताना पाय पुसायचं. ह्यो केर बी टाकत न्हाय आमी, डब्यात राखतो. हात धुतल्यालं पानी बी राखतो. आनी ह्ये पोतं वर्साला जाळायचं, राख धुवायची, त्यातनं बी निघती." मी विचारलं, किती निघते? तर म्हणाली, "किती का असंना. आपलीच हाय न्हवं?"

मी त्या गोणपाटावर पाय पुसले. दोन्ही पाय, अगदी टाचांपर्यंत. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर मात्र मला रडू कोसळलं. शेजारच्या आजींनी विचारलं, "काय झालं गं लेकी, कोण गेलं का?" मी मान हलवली, नाही. साठी ओलांडलेल्या मला कुणीतरी लेकी म्हणालं, त्याने आणखीच रडू आलं. माझ्या मनात एकच चाललं होतं. मी रोज सकाळी देवापुढे बसून जे खरं लिहिते ते फाडून टोपलीत टाकते, आणि जे चकचकीत असतं ते लोकांना देते. माझा केर कोण राखणार?

घरी पोचले तर हे पुढच्या सोप्यात लसूण सोलत बसले होते. मी खांद्यावरची पिशवीही न काढता समोर बसले आणि हुपरीचं सगळं सांगितलं, वाकून बघा म्हणाले ते, पाय पुसायचं, पोतं जाळायचं. हे हसायला लागले, इतके की खोकल्याची उबळ आली. पाणी प्यायले. मग लसणाची सुपली बाजूला सारली आणि उठून आत गेले. हत्यारं ठेवायच्या फळीवरून बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा घेऊन आले आणि माझ्या मांडीवर ठेवला. "ह्ये बघ," म्हणाले.

डब्यात माझे कागद होते. फाडलेले, चार तुकड्यांचे, मागून चिकटपट्टी लावून जोडलेले. सगळ्यात खालचा सात वर्षांपूर्वीचा. माझा दादा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्यावर माझ्या अक्षरात दोनच ओळी होत्या, की आज मला प्रार्थना करायची नाही, आज माझ्याशी बोलू नकोस. मला आठवलं, त्या दिवशी ग्रुपवर मी सांत्वनावर भलंमोठं पान लिहिलं होतं. मग वर वर एकेक कागद. कुठे देवाशी भांडले होते, कुठे सासूबाईंची क्षमा मागितली होती, एके ठिकाणी लिहिलं होतं की ह्यांच्यावर आज उगाच ओरडले. आणि सगळ्यात वर चारच दिवसांपूर्वीचा, ह्यांना काही झालं तर मी काय करू.

हे नेहमीपेक्षा जास्त बोलले त्या दिवशी, म्हणून शब्द न् शब्द आठवतो. "तू ग्रुपवर टाकतीस ते मी वाचत न्हाय. ते चांगलं असतंय, पर ते लोकांसाठी. ह्ये रोज वाचतो. ह्यात तू असतीस." मग खाली बघून म्हणाले, "तुकडा काढायचं मला भ्या वाटतंय गं. पर ह्या घरात सांगू कुणाला? तू लिहितीस, भट्टीत आनंद करा. अगं, बत्तीस वर्षं हुबा हाय मी तिच्यापुढं. भट्टीपुढं आनंद न्हाय हुईत. घाम फुटतो."

आम्ही दोघं तिथेच, लसणाच्या सालपटांत बसून रडलो. मी त्यांना म्हटलं, प्रार्थना करूया का, आणि सवयीने तोंड उघडलं, तर हे म्हणाले, "थांब, मी करतो." लग्नाला छत्तीस वर्षं झाली, ह्यांची प्रार्थना मी पहिल्यांदा ऐकली. "देवा, आमी दोघं बी भ्यालोय. तू बसून ऱ्हा म्हंजे झालं. आमेन." एवढीच. नऊ वर्षांत मला इतकी नेमकी ओळ सुचली नव्हती, आणि मी मराठीची शिक्षिका!

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रकात पाठ होता तो बागेतल्या रात्रीचा, जेव्हा प्रभू येशू आपल्या मरणाच्या आदल्या रात्री प्रार्थना करतो. पत्रक जानेवारीत छापलेलं, माझ्यासाठी कुणी ते बदललं नव्हतं. मी फक्त सांगते, वाद घालत नाही. या पाठावर मी आधीही लिहिलेलं होतं, आणि दरवेळी उडी मारून थेट शेवटाला गेले होते, पित्या, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, या समर्पणाला. मधे प्रभूला घाम फुटतो. त्याला दुःख होतं, हा मरणाचा प्याला नको म्हणतो, मित्रांना म्हणतो जागे राहा माझ्याबरोबर. तो घाम मी कायम ओलांडून गेले होते. त्या दिवशी तिथेच थांबले. कच्च्या कागदावर लिहिलं ते जसंच्या तसं मोबाईलवर उतरवलं: आमच्या ह्यांच्या छातीत डाग आहे, हे घाबरलेत, मीही घाबरले आहे, काल हुपरीत मला कळलं की माझा चांदीचा दृष्टान्त चुकीचा होता, आणि प्रभूलाही घाम फुटला होता. आणि पाठवलं.

साडेआठपर्यंत ग्रुपवर चिटपाखरू नाही. मी मनात म्हटलं, गेली बाई तुझी अब्रू. मग पाळकसाहेबांचा फोन आला. म्हणाले, "बाई, मी दोनदा वाचलं," आणि प्रार्थना करतो म्हणून फोन ठेवला. ज्यांनी कधी हात जोडण्यापलीकडे काही लिहिलं नव्हतं, त्यांनी त्या दिवशी मला स्वतःचं लिहिलं, ग्रुपवर नाही, वेगळं. ते इथे सांगणार नाही, त्यांचं आहे. आणि वाचणाऱ्यांच्या यादीत त्या सकाळी पहिलं नाव ह्यांचं होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून वाचत होते. वाचून झाल्यावर मोबाईल खिशात ठेवला आणि म्हणाले, "चल. डॉक्टरला फोन लाव."

तुकडा काढला त्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. चहालासुद्धा उठले नाही. त्या म्हाताऱ्यांसारखं बसायचं एवढंच मी ठरवलं होतं, दुसरी कोणतीही प्रार्थना मला येत नव्हती. निकाल यायला आठ दिवस लागले. क्षयरोग निघाला. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आलात, आणखी दोन महिने काढले असते तर अवघड होतं. आता गोळ्या सुरू आहेत, वजन वाढतंय, पॅंट कमरेवर राहते आणि स्वभाव होता तसाच अबोल आहे. वाईट गाठ निघाली नाही म्हणून देव चांगला, असं मात्र मी लिहिणार नाही. गाठ निघाली असती तरी तो तिथे बसलेला असता, हे मला आता माहीत आहे. पूर्वी ते मी फक्त लिहीत होते. स्वतःला त्याच्या हाती सोपवायचं म्हणजे निवडक, धुतलेलं, पक्कं केलेलं सोपवायचं असं मी समजत होते. केरासकट सोपवायचं असतं. त्यातलं काय राखायचं ते तो बघतो.

घामाचं मनन शालनने वाचलंच होतं, बाकीचं सगळं मी तिला फोन करून सांगितलं. ती नाक ओढून म्हणाली, "आता कसं बरं लिहिलंय, बाई. पावण्यांस्नी घेऊन या की एकदा, मामंजींची आनी त्यांची भट्टीवरनं लई जमंल." जाणार आहोत, ह्यांच्या गोळ्या संपल्या की.

मनन रोज चालू आहे. हातून भलतंसलतं अजूनही लिहून जातं, सगळंच काही लोकांना देण्यासारखं नसतं, आणि टोपली अजून हेच रिकामी करतात. फक्त आता मी कागद फाडत नाही. नुसता चुरगाळून टाकते. ह्यांना वाचायला बरं पडतं.